जाळीच्या दाराबाहेरचा कोंबडा

आमच्या घरात कोंबडी कधी शिजली नाही, त्यामुळे कोंबडी जगते कशी हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माझ्यासाठी अंडी आणली, तर आई ती मागच्या नळापाशी उकडायला लावायची आणि भांडंसुद्धा तिकडेच ठेवायची. अशा घरात माझे बाबा, रेल्वेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेले, आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी एक गुलाबी पिल्लू घेऊन आले.

होळीनंतरचा आठवडा होता. मी त्यांना गोलबाजारात कुकरची शिट्टी आणायला पाठवलं होतं. शिट्टी विसरले आणि हे आणलं. टोपलीत रंगवलेली पिल्लं विकतात, लाल, हिरवी, गुलाबी. लहान पोरं हट्ट करतात, आईबाप घेऊन देतात आणि चौथ्या दिवशी पिल्लू मरतं. बाबा म्हणाले, "एकच उरलं होतं टोपलीत." मी म्हणाले, "चार दिवसांनी तेही नाही उरणार." मी अशीच बोलते. ऑफिसातसुद्धा माझ्या टेबलापाशी कुणी विनाकारण थांबत नाही.

पण ते मेलं नाही. बाबांनी चपलांच्या खोक्यात बल्ब लावला. रात्रंदिवस खुर्ची ओढून त्या खोक्याशेजारी बसले. चिमटीने भात भरवला, बोटाने पाणी पाजलं. मी पन्नाशीची बाई, आजारी पडले तेव्हाही ज्या माणसाने माझ्या कपाळाला हात लावलेला मला आठवत नाही, तो माणूस एका कोंबडीच्या पिल्लाला "खा बाप्पा, एवढा घास खा" म्हणत होता. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

आई गेल्यापासून बाबांनी एक नवीनच सुरू केलं होतं. रोज जेवायच्या आधी वरणभाताचा एक घास स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे, आईसाठी. घास दहाव्याला ठेवतात, पितृपक्षात ठेवतात, रोज कुणी ठेवत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ऐकलं नाही. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवून कावळ्याला बोलवायचे. कावळा काही यायचा नाही. संध्याकाळपर्यंत घासाला मुंग्या लागायच्या आणि खिडकीतल्या काळ्या धुळीसकट मी तो फेकून द्यायची.

मग एक दिवस ते पिल्लू फडफडत खिडकीत चढलं आणि आईचा घास खाऊन मोकळं झालं. मला वाटलं बाबा रागावतील. ते खाली बसले आणि रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. त्या दिवसापासून वाटी वाजली की पिल्लू घरात कुठेही असो, धावत यायचं आणि आईचा घास त्याचा झाला. असं कोंबड्याला डोक्यावर बसवणं आमच्याच घरात होऊ शकतं. ज्यांच्या घरी कोंबड्या असतात ते घास ठेवत नाहीत, दाणे फेकतात.

गुलाबी रंग उतरला, खालून तांबडी पिसं निघाली, तुरा आला. आषाढात तो आरवायला लागला. सोफ्याच्या पाठीवर बसून टीव्ही बघायचा. बाबांच्या खुर्चीच्या हातावर पेपर अंथरलेला असायचा, तिथे झोपायचा. त्याला तुपाशिवाय भात चालत नव्हता. आणि बाबांना धाप लागायला लागली होती. आधी जिन्यावर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली, घरात पक्षी आहे का विचारलं आणि म्हणाले, पिसांचा भुसा आणि विष्ठा ह्यांच्या श्वासात जाऊन चालणार नाही, पक्षी घराबाहेर काढा, नाहीतर पुढच्या वेळी ह्यांना ऑक्सिजनवर आणाल.

घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "मारायचं नाही त्याले."

"मग काय करायचं?"

"बाहेर ठेवू. अंगणात. राहीन तो."

मी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत. तोवर बाहेर राहायला शिकला तर राहू दे. नाही शिकला तर चौकातल्या चिकनच्या दुकानात देऊन येईन, मी स्वतः." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले की करते, हे त्यांना माहीत आहे. हा गुण मला त्यांच्याकडूनच आला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागले. जुन्या कूलरचा सांगाडा पडला होता. त्याला जाळी ठोकून खुराडं केलं आणि मागच्या अंगणात जामाच्या झाडाखाली ठेवलं. आमच्याकडे पेरूला जामच म्हणतात. कोंबड्याला उचलून त्यात ठेवलं तर तो एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय ओल्या मातीला लागला की झटकन वर घ्यायचा. त्याने माती पाहिलीच नव्हती. सगळा जन्म फरशीवर गेला होता.

मागच्या भिंतीपलीकडे एक बाई राहते, इथलीच, छत्तीसगढी, माझ्याच वयाची. ती मला दीदी म्हणते, मी तिला दीदी म्हणते, असं आमचं वीस वर्षं चाललं आहे. तिच्याकडे तीन कोंबड्या आहेत. भिंतीवरून तिने हा प्रकार पाहिला आणि एक गांडूळ उकरून त्याच्यापुढे टाकलं. कोंबडा घाबरून मागे सरला. दीदी इतकी हसली की तिला भिंतीवर हात टेकावा लागला. "ये तो बाबू साहब है, दीदी," ती म्हणाली. "इसको मुर्गा बनाना पड़ेगा पहले."

पहिले आठ दिवस तो दिवसा खुराड्यात आणि संध्याकाळी घरात. नंतर रात्रीही बाहेर. पहिल्या रात्री जाळीला धडका देऊन त्याने छातीची पिसं उपटून घेतली. बाबा आत पलंगावर बसून होते. मी कड्या लावून किल्ल्या उशीखाली घेतल्या होत्या. सकाळी बाबांचे डोळे सुजले होते आणि कोंबड्याच्या छातीवर पिसं गेलेलं लाल चकंदळ पडलं होतं. दोघांनाही मी चहाच्या वेळी पाहिलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग खुराडं उघडलं आणि दीदीने तिच्या कोंबड्या आणून आमच्या अंगणात सोडल्या. कोंबडा त्यांच्याकडे असा बघत होता की ही कोण जनावरं आहेत. तो आमच्यात वाढला होता, स्वतःला माणूसच समजत असणार. थोरल्या कोंबडीने सरळ जाऊन त्याच्या तुऱ्यावर चोच मारली. रक्त आलं. रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तिघी त्याच्या मागे लागल्या. तो पळत पळत स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी आला आणि जाळीला छाती लावून ओरडायला लागला. आतल्या बाजूला बाबा उभे होते.

"उघड."

"नाही."

"डोळा फोडतील ना त्याचा. काहून करून राहिली असं?"

"त्याच्यासाठीच करून राहिली मी," मी म्हणाले. "आत घेतलं तर दसऱ्याले कुठे जाईन तो, माहीत आहे ना तुम्हाले?"

दीदी भिंतीवरून शांतपणे पाहत होती. तिने हाताने खूण केली, राहू द्या. थोड्या वेळाने कोंबड्यांचा रस सरला आणि त्या माती उकरायला गेल्या. कोंबडा दाराशीच बसून राहिला. चार दिवस असंच चाललं. तो मार खायचा आणि दाराशी यायचा, कारण बाबा जेवायला बसले की वाटी वाजवायचे. मी ऑफिसला गेले की बाबा जाळीच्या फटीतून त्याला भात देत होते, तेही मला कळलं. जाळीला तुपाचे डाग होते.

मी वाटी काढून घेतली. घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या आणि चमचे माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आईच्या तेरवीला आणलेले पळसाचे द्रोण शिल्लक होते, ते वरच्या फळीवरून काढले आणि बाबांना त्यात वरण वाढलं. ताट नाही, वाटी नाही, आवाज होईल असं काहीच नाही. बाबांनी द्रोण ओळखले. ते हाताने जेवले. दोन आठवडे मी त्यांना त्यांच्या बायकोच्या तेरवीच्या द्रोणात जेवायला घातलं. खिडकीतला घासही बंद केला. जोरात बोलायचं नाही, अंगणाच्या बाजूच्या खिडकीशी उभं राहायचं नाही आणि खोकला आला तर उशीत तोंड घालायचं, असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, कारण कोंबडा माझ्या मुठीत होता.

कोंबडा मात्र सुधारला थोडा. मातीत पाय टाकायला लागला. थोरल्या कोंबडीपासून चार हात लांब राहून दाणे टिपायला शिकला. एक दिवस त्याने झुरळ खाल्लं आणि दीदीने मला भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं. जामाच्या खालच्या फांदीवर बसायला लागला. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात ती गोष्ट झाली. दुपारी पुढचं फाटक उघडं राहिलं होतं. रस्त्यावर एक मालाची गाडी थांबली. गाडीवाला खाली उतरला, त्याने जिभेने टक्-टक् केलं आणि आमचा कोंबडा चालत त्याच्याकडे गेला. धावतसुद्धा नाही, रोजच्यासारखा चालत गेला आणि त्याच्या पायाशी उभा राहिला. त्या माणसाने त्याला काखेत घेतलं. दीदी छतावर कपडे वाळत घालत होती म्हणून कोंबडा वाचला. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाल्यावर भनपुरीच्या ट्रकवाल्यांचीही बोलती बंद होते. तो माणूस कोंबडा टाकून निघून गेला.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा दीदी आमच्या ओट्यावर बसली होती. बाबा खुर्चीत होते. ती म्हणाली, "दीदी, कुत्ते से डरना सीख गया, बिल्ली से सीख गया. आदमी से नहीं डरता. जो बुलाएगा उसके पास जाएगा. और मुर्गे को कोई काहे बुलाता है?"

मी म्हणाले, उद्यापासून मी खराट्याने मारते.

"आपके मारने से का होही? आपको तो वो गिनता ही नहीं." तिने बाबांकडे बघितलं नाही, पण आवाज हळू केला. "इनको मारना पड़ेगा. एक बार इनसे डर गया, तो सबसे डरेगा."

ती गेल्यावर मी खराटा आणून बाबांच्या खुर्चीला टेकवून ठेवला. बाबांनी तिकडे पाहिलंच नाही.

"माझ्यानं नाही होणार," ते म्हणाले. "तुझ्या आईचा घास खाल्ला आहे त्यानं."

"मग दुकानात देऊ?"

"देऊ नको."

"दोन्ही नाही म्हणून कसं चालेन, बाबा?"

आणि मग मी ते बोलले. बोलायचं नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं बोलायचं होतं, फक्त तोंडावर आणलं नव्हतं. मी म्हणाले, "मले होस्टेलात सोडताना जमलं होतं ना तुम्हाले. तेव्हा कसा हात उचलला?"

मी दहा वर्षांची होते. घरात राहून पोट्टी हळवी झाली, आईच्या पदराला चिकटून राहते, बाहेर ठेवल्याशिवाय सुधारणार नाही, असं बाबांनी ठरवलं आणि मला नागपूरच्या होस्टेलात नेऊन घातलं. फाटकाशी मी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि सोडेना. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. मी दुसऱ्या हाताने धरलं. तेव्हा त्यांनी मला थोबाडीत मारली, सगळ्या पोरींच्या देखत, आणि वळून निघून गेले. मी सुधारले. नंतर कधी रडले नाही, पहिल्या नंबराने पास झाले, नोकरी लागली. सुट्टीत घरी आले की बाहेर त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून मी दुसऱ्या खोलीत जायची. आईने पुष्कळ वेळा हाताला धरून बाहेर आणलं. मी त्यांच्याजवळ कधी गेले नाही. लग्न केलं नाही, त्यालाही लोक वेगवेगळी कारणं लावतात.

बाबांनी आता खराट्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून वाटी आणि चमचा काढून त्यांच्या हातात दिला. ते अंगणात गेले, दोन आठवड्यांनंतर पहिल्यांदा. वाटी वाजवली. कोंबडा जामाच्या फांदीवरून पडतच आला. पंख पसरून, कसले तरी आवाज काढत, तो त्यांच्या पायांभोवती फिरला आणि गुडघ्यावर उडी मारायला बघू लागला. बाबांनी खराटा हाणला.

पहिला फटका हळू बसला. कोंबडा दोन पावलं मागे गेला आणि परत आला. मी जाळीच्या आतून म्हणाले, "असं नाही. जोरात." त्यांनी जोरात मारलं. कोंबडा उलटा पडला, उठला आणि परत आला. त्याला वाटत असेल काहीतरी चुकून झालं. तीन वेळा परत आला. चौथ्या वेळी पंखाचं पीस तुटून मातीत पडलं आणि तो भिंतीकडे पळाला. बाबा धापा टाकत तिथेच बसले. मी पाणी नेऊन दिलं. पाणी देताना म्हणाले, "उद्या अजून." उद्याही झालं, परवाही झालं. परवा वाटी वाजली आणि तो आला नाही. बाबांचा खोकला ऐकूनच भिंतीवर चढून दीदीच्या अंगणात गेला.

दसऱ्याला तो झाडावर झोपत होता. दिवाळीपर्यंत थोरली कोंबडी त्याच्या मागे चालायला लागली. अंगाने भरला, माजला, मांजराच्या अंगावर धावून जाऊ लागला. बाबांची धाप कमी झाली, डॉक्टरांनी एक औषध बंद केलं. दीदी सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत फिरली की पढ़ी-लिखी दीदीने मुर्गा कसा तयार केला. सकाळी दाणे मीच टाकायची. मी आले की तो येऊन उभा राहायचा. दीदीच्या म्हणण्याप्रमाणे तो सगळ्या माणसांना भ्यायला हवा होता. तसं काही झालं नाही. दीदीच्या हातचं खायचा, दूधवाल्याच्या पायात घुटमळायचा. फाटकाला मी कुलूप लावायला लागले. तो जगात एकाच माणसाला भ्यायचा. आमचा सगळा हिशेब तिथे चुकला होता आणि आता तो दुरुस्त करता येणार नव्हता.

आईच्या वर्षश्राद्धाला भटजी येऊन गेले. बाबांनी पांढरं धोतर नेसून वरणभात, वडा, खीर असा घास पानावर काढला आणि मला विचारलं, "वाटी देशीन का?" मी दिली. ते मागच्या भिंतीशी गेले, घास ठेवला आणि वाटी वाजवली. कावळा आला नाही. त्यांचं लक्ष कावळ्याकडे नव्हतंच. कोंबडा जामाखाली होता. त्याने मान वर केली, बाबांना पाहिलं आणि असा किंचाळत उडाला की दीदीच्या कोंबड्याही पळाल्या. बाबा वाटी धरून उभे राहिले.

मग ते आत आले आणि वाटी माझ्या हातात दिली. "तू वाजव," ते म्हणाले. "तुझ्या हातचं घेते तो. मी नाही दिसत त्याले." आणि जाळीच्या दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, धोतर सावरून उभे राहिले. बाहेरून दिसू नये म्हणून त्यांनी पोटसुद्धा आत ओढून घेतलं होतं.

मी भिंतीशी जाऊन वाटी वाजवली. कोंबडा आला. मान वाकडी करून आधी माझ्याकडे, मग घासाकडे पाहिलं आणि वड्याला चोच मारली. मी मागे वळून पाहिलं. जाळीतून बाबांचा एक डोळा दिसत होता. खाऊ दे त्याला, हळूहळू खाऊ दे, असं मला वाटलं, आणि हे मला कोंबड्यासाठी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाबांना खोकला आला. त्यांनी पंचा तोंडात कोंबला, पण थोडा आवाज झालाच. कोंबडा घास तसाच टाकून भिंतीपलीकडे गेला.

बाबा दाराच्या मागून बाहेर आले. भिंतीपर्यंत गेले आणि पलीकडे, जिथे तो पळाला होता तिकडे बघून म्हणाले, "चुकलं माझं."

हे दोन शब्द ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले होते. ते कोंबड्याच्या वाट्याला आले आणि तोही ऐकायला थांबला नव्हता. बाबा तसेच पाठमोरे उभे होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. जवळ जावं असं मनात आलं, आणि पाय उचलला गेला नाही. उरलेला घास मी पानासकट उचलला, मुंग्या लागायच्या आधी.